धाकूमामा आणि आठ दिवसांचे केस

महाडच्या बाजारपेठेत आजही नव्या माणसाला माझी ओळख करून देताना कोणी ना कोणी म्हणतंच, "ह्यांनी धाकूमामांची मांजरी वाचवली." सांगणारा हसू दाबतो, नव्या माणसाला काही कळत नाही आणि मी पानाचा डबा पुढे करून विषय बदलतो. दासगावच्या धक्क्यावर पडाव-गलबतांतून गोणी उतरवत मी सुरुवात केली. पुढे महाडात स्वतःचं तांदळाचं दुकान टाकलं, त्याच्यामागे वखार बांधली. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. लक्षात राहिली ती मांजरी. आणि ही गोष्ट गावभर करणारे खुद्द धाकूमामाच. हे त्यांनी माझ्या भल्यासाठी केलं की जन्मभर मला टोचत राहावं म्हणून, ते मला तेव्हाही समजलं नाही आणि आता समजावून सांगायला मामा नाहीत.

मुंबई राज्य होतं तेव्हाची गोष्ट. धाकूमामा पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीचे. पोरवयात मुंबईला गेले ते एका पारशी बाईंच्या बंगल्यात स्वयंपाकघरात लागले आणि तीस वर्षं तिथेच राहिले. बाई वारल्या, बंगला विकला गेला, भाच्यांनी सामान वाटून घेतलं. मांजरी कोणालाच नको होती. ती मामांनी उचलली.

माझ्या वखारीला लागून एक पडवी होती. ती भाड्याने मागायला ते आले तेव्हा अंगात पितळी बटणांचा पांढरा बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात झाकणाची वेताची टोपली. टोपलीचं झाकण हललं आणि आतून एक पांढरं, केसाळ तोंड बाहेर आलं. असलं मांजर महाडने पाहिलं नव्हतं. केस इतके लांब की पाय दिसेनात. नाव बानू.

मी व्यवहार बघितला. वखारीत उंदीर फार झाले होते. पडवीत मांजर आलं तर वखारीचं आपोआप होईल, म्हणून मी फार न ताणता होकार दिला. पंधरा दिवसांनी बघतो तर बानू गोणीवर बसलेली आणि समोरून उंदीर चाललेला. दोघं एकमेकांकडे बघत होते. मी मामांना बोलावून ते दृश्य दाखवलं.

"मामा, ही उंदीर धरत नाही."

"तिला कोनी शिकवलंच नाय, शेट. बाईसायबाकडं उंदीर व्हताच कुठं?"

"मग हिचं काम काय?"

मामांनी प्रश्न मनावर घेतला. थोडा वेळ मांजरीकडे बघितलं. मग म्हणाले, "काम? ती हाय."

हे उत्तर झालं का? पण त्या माणसाशी बोलताना दर वेळी हेच व्हायचं. आपण एक विचारावं, त्यांनी सरळ चेहऱ्याने काहीतरी सांगावं आणि आपण घरी जाऊन रागवावं.

एसटी स्टँडजवळच्या एका खानावळीत ते स्वयंपाकाला लागले. सकाळी आठला खानावळीत पोचायचे, त्याआधी बरोबर एक तास मांजरीचा. हा तास बघायला सुरुवातीला अर्धी पेठ यायची. मामा पडवीच्या पायरीवर बसत, मांडीवर धुतलेलं फडकं, फडक्यावर बानू. हातात म्हशीच्या शिंगाची फणी. आधी मानेखालून, मग पाठ, मग उलटी करून पोट, शेवटी मागच्या पायांच्या आतली बाजू. तिथे गुंता व्हायचा. गुंता ओढला की बानू गुरगुरायची आणि मामा तिला "सॉरी" म्हणायचे. फणी झाली की ओला तळहात अंगावरून फिरवून सुटे केस गोळा करायचे. मग पुढच्या पंज्याला बोटभर साजूक तूप लावायचं, म्हणजे ती ते चाटून खाई. करवंटीत भात पेरून उगवलेले कोवळे कोंब तिच्यापुढे ठेवायचे. ते ती गाईसारखी कुरतडायची.

आणि केस टाकायचे नाहीत. निघालेले केस हातावर वळून बिस्किटाच्या एका रिकाम्या डब्यात ठेवायचे. डबा भरला की ओतून नदीवर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"अहो मामा, देवाने मांजराला जीभ दिली आहे," मी एकदा म्हणालो. "आपलं आपण चाटतं. तुमची ही कसली थेरं?"

"त्या जिभेतच घोटाळा हाय ना, शेट. जिभेला काटं आसतात. केस धरतात, सोडत नायत. मंग गिळायचंच. येवढं लांब केस दिलं आन् थुकायची अक्कल दिली नाय, त्याला मी काय करू? पोटात जाऊन त्याचा बोळा व्हतो. बोळा वर आला तर ठीक. नाय आला तर जनावर जातं."

"आणि डबा कशाला?"

"जे डब्यात आलं ते पोटात गेलं नाय. रोज किती निघतं ते हाताला म्हाईत पायजे. पावसात कमी, फाल्गुन-चैतात जास्ती. कमी निघालं की समजायचं, बाकीचं आत गेलं. मंग तूप वाढवायचं. मुंबईचा जनावरांचा डाक्टर बाईसायबाला सांगायचा, मी चहा घेऊन हुबा आसायचो."

माझ्याकडे हिशेबाच्या वह्या होत्या, पण हा माणूस केसांचा ताळेबंद ठेवत होता. मला ते पटलंही आणि पटलंही नाही.

आता माझी तक्रार सांगतो. पाचाडला गडाखाली खानावळ चालवणारं एक गिऱ्हाईक माझ्याकडे आलं होतं. त्याला जुना तांदूळ हवा होता. मी त्याला एक गोण दाखवली. जुना होताच, अगदी जुना नसेल. धाकूमामा तिथे सहज उभे होते. गिऱ्हाईक म्हणालं, "हे मामा मुंबईच्या बंगल्यात रांधत होते ना? काय हो मामा, कसा वाटतो?" मामांनी चार दाणे तोंडात टाकले, दाढेखाली दाबले, डोळे मिटले.

"सा म्हयन्याचा," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. गिऱ्हाईकासमोरच मी त्यांना "तू" केलं, नको ते बोललो. मामा शांतपणे म्हणाले, "मला इचारलं, मी सांगितलं. इचारायचं नव्हतं." मग गिऱ्हाईकाकडे वळून त्याला त्यांनी सविस्तर सांगितलं की ह्या तांदळाला पाणी किती कमी घालायचं, उकळी आली की झाकण कधी ठेवायचं, कसा मोकळा होतो. ते ऐकून गिऱ्हाईकाने एकाऐवजी तीन गोणी नेल्या.

ह्यात त्यांनी माझं नुकसान केलं की फायदा? मी घरी विचारलं. बायको म्हणाली, "फायदा झाला ना? मग ओरडताय कशाला?" पण माझा शब्द खोटा पडला होता, तो कोणी भरून द्यायचा?

त्यानंतरच्या शिमग्याला मामांना वाडीवर जायचं होतं. देवाच्या पालखीला पहिला खांदा त्यांच्या घराचा, थोरला भाऊ थकलेला, म्हणून हे गेलेच पाहिजेत. आठ दिवस. बानूला नेणं शक्य नव्हतं. ढोल वाजतात, मुंबईकर येतात, वाडीभर कुत्री. मामा माझ्याकडे आले.

"शेट, आठ दिस संबाळाल? फक्त फणी, तूप आन् कोंब. केस डब्यात ठेवा."

फुकट काही करायची मला सवय नाही. मी म्हणालो, "सांभाळतो. पण एक अट. पुढचं एक वर्ष तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढायची नाही आणि माझ्या तांदळाबद्दल तोंड उघडायचं नाही."

एका वर्षापासून सुरुवात केली होती. घासाघीस करून दोन महिन्यांवर यायची माझी तयारी होती. मामा म्हणाले, "बरं." एवढंच. फणी, तुपाची वाटी आणि डबा माझ्या हातात दिला आणि पोलादपूरच्या गाडीला गेले. समोरचा घासाघीस करत नाही तेव्हा आपण फसलो असं मला वाटतं. त्या दिवशी तसंच वाटलं, पण कुठे फसलो ते सापडेना.

पहिल्या दिवशी मी खरंच फणी घेऊन बसलो. पोटाकडे गेलो तसं बानूने मनगटावर तीन रेघा ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून शिमग्याला आलेले मुंबईकर दुकानात लोटले. मला पाणी प्यायला फुरसत नव्हती. तूप बायकोने दोन दिवस लावलं, मग घरात पुरणपोळ्या सुरू झाल्या आणि तूप तिकडे वळलं. करवंटीतले कोंब वाळले. ऊन तापायला लागलं होतं. वखारीत जिकडे तिकडे पांढरे केस उडत होते आणि मी हमालांवर ओरडत होतो की गिऱ्हाईकाच्या गोणीला मांजराचा केस दिसता कामा नये.

सहाव्या दिवशी बानू मान लांब करून, जमिनीला टेकवून ढास लागल्यासारखं करायला लागली. ख्याक, ख्याक. बाहेर काही येईना. पांडू हमाल बघून म्हणाला, "काटा आडकलाय, शेट. काल वैनींनी मांदेलीची डोकी घातली नव्हती का?"

कोकणातल्या माणसाला घशात काटा अडकल्यावर काय करायचं ते सांगावं लागत नाही. कोरड्या भाताचा मुटका, न चावता गिळायचा. काटा खाली जातो. आमच्या घरात सगळ्यांचे काटे असेच गेले आहेत. बायकोने भात चेपून बोराएवढे मुटके केले. पांडूने बानूला धरलं, मी जबडा उघडला. पाच-सहा मुटके आम्ही खाली उतरवले. ढास थांबली. मी हात धुतले आणि पांडूला म्हणालो, "बघ, गेला काटा."

पण सातव्या दिवशी तिने काही खाल्लं नाही. आठव्या दिवशी पाणीही घेतलं नाही. गोणीआड पोट जमिनीला लावून बसून राहिली. पोट घट्ट लागत होतं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "ही मेली तर आपल्या माथी हो. सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं."

"तोंड सांभाळ," मी म्हणालो.

तेवढ्यात पांडू सांगत आला की मामा स्टँडवर उतरले आहेत.

त्या क्षणी मी जे केलं त्याचा अर्थ मला अजून लागत नाही. मी फणी उचलली आणि बानूला विंचरायला लागलो. तिच्यात गुरगुरायचीही ताकद नव्हती. आठ दिवसांचे सुटलेले केस होते, मूठमूठ निघाले. ते वळून मी डब्यात भरले. मामा पडवीत आले तेव्हा डबा जागेवर होता.

त्यांनी आधी मांजरीचं पोट चाचपलं. मग डबा उघडला, केस तळहातावर घेतले, जरा वर-खाली केले.

"आठ दिसाचं बराबर हाय," ते म्हणाले. "म्हंजे केस न्हवं. मंग काय झालं?"

"काटा," मी म्हणालो. "पांडूने सांगितलं."

मामांनी एरंडेलाची बाटली काढली होती, ती परत ठेवली. "काटा आसंल तर तेल-तूप घालून पोट हलवायचं नाय. काटा फिरंल. आतडं फाडंल." ते गुरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर फिरतीवर होते, चार दिवसांनी येणार होते. मामा परत आले आणि म्हणाले, "उद्या सकाळची गाडी धरतो. मुंबईला बाईसायबाचा डाक्टर हाय. त्यो काटा काढंल."

त्या उन्हात, एसटीत, टोपलीत ते मांजर मुंबईला पोचणार नव्हतं. ते मला दिसत होतं. मामांनाही दिसत असावं. पण त्यांचा डब्यावर विश्वास होता आणि डबा मी भरला होता. एक वाक्य बोललो असतो तर एरंडेलाची बाटली पुन्हा बाहेर आली असती. मी जेवलो, वही लिहिली, झोपलो. वाक्य बोललो नाही.

सकाळी दुकान उघडायच्या ऐवजी मी स्टँडवर गेलो. मांजरीची दया आली म्हणून गेलो की काशीच्या सोन्याला भिऊन, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. गाडी भरलेली होती. मामा खिडकीशी, मांडीवर टोपली, अंगात तोच पांढरा कोट. मी आत चढलो.

"मामा, खाली उतरा."

"गाडी सुटतीय, शेट."

"डब्यातले केस आठ दिवसांचे नाहीत. तुम्ही यायच्या घडीभर आधी काढले ते. मधले सहा दिवस फणी लावलेली नाही."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "मंग काटा?"

"काटा कोणी बघितलेला नाही. भाताचे मुटके घातले."

"किती?"

"पाच-सहा."

त्यांनी टोपलीचं झाकण नीट लावलं. मग मलाच राग आला. भर गाडीत मी ओरडायला लागलो, की एका मांजराची एवढी थेरं करायची कशाला, मला काय दुसरे धंदे नाहीत, मनगट बघा माझं, आणि ज्याला आपलं जनावर एवढं प्यारं त्याने ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधून पालख्या नाचवायला जाऊ नये. पुढच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "बाबा, मांजर त्यांचं आजारी हाय, आन् बोंबलतोस तू?" सगळी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "शेट, तिकीट काढा नायतर उतरा."

मामा उठले. माझ्या बाजूने जाताना, बंगल्यातल्या सवयीने, "माफ करा" म्हणाले आणि उतरले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिवी आली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं, हिशेब मिटला असता.

पडवीत जाऊन त्यांनी तूप पातळ केलं, त्यात एरंडेलाचे दोन-तीन थेंब घातले आणि बोटाने बानूच्या ओठाच्या कोपऱ्यात लावत राहिले. ती चाटेल तेवढंच, जबरदस्ती नाही. मधूनमधून कोमट पाणी. मधूनमधून पोटावरून पुढून मागे हात. खानावळीत त्या दिवशी स्वयंपाकाला गेलेच नाहीत. मी दुकानातून चार वेळा मागच्या दारापर्यंत गेलो आणि चारही वेळा परत आलो. पाचव्यांदा गेलो, तेव्हा मामा मान वर न करता म्हणाले, "शेट, वैनींस्नी इचारा, भाताचं कोंब मिळतील का कुनाकडं." मी स्वतः गाडीतळापलीकडे एका वाफ्यावर जाऊन, फाल्गुनात, कोंब मागत फिरलो. तांदळाचा व्यापारी भाताचे कोंब मागतो म्हणून तिथेही लोक हसले. कोंब मिळाले नाहीत, हरळीचं गवत मिळालं, ते आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बानूने मान लांब केली, पोट आत ओढलं आणि एकदाचं ते बाहेर टाकलं. अंगठ्याएवढी लांब, वातीसारखी पीळ पडलेली केसांची गुंडाळी. तिच्यात भाताची शितं अडकलेली, अख्खी. आमचेच मुटके. संध्याकाळी ती पाणी प्यायली. मामांनी तो बोळा दगडावर ठेवून धुतला, उन्हात वाळवला आणि डब्यात टाकला. डबा हातावर तोलून म्हणाले, "आता बराबर झालं."

महिना संपताच त्यांनी पडवी सोडली. खानावळीच्या मागे एक खोली घेतली. जाताना माझ्या बायकोला नमस्कार करून गेले, मला "येतो, शेट" म्हणाले. भांडण नाही, वाकडा शब्द नाही. आणि पेठेत मात्र ज्याला त्याला सांगायला लागले, "शेटनी टायमाला सांगितलं म्हणून बानू वाचली. शेट नसते तर मी गाडीत घालून मारली व्हती." ऐकणारे विचारायचे, काय सांगितलं शेटनी? मामा म्हणायचे, "त्ये शेटनाच इचारा." आता मी काय सांगणार?

अट घातल्याप्रमाणे वर्षभर ते दुकानाची पायरी चढले नाहीत. वर्ष संपलं त्या दिवशी मी, खोटं कशाला बोलू, रस्त्याकडे बघत बसलो होतो. ते आले नाहीत. दुसरं वर्ष गेलं. मामांच्या खानावळीचा तांदूळ माझ्याऐवजी समोरच्या दुकानातून जाऊ लागला. मी एकदा त्यांना बाजारात अडवून म्हणालो, "मामा, अट संपली. आता का येत नाही?"

"तुमीच नको म्हनला व्हतात ना?"

"एका वर्षापुरतं."

"व्हय का?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुमाला बरं वाटतंय."

ह्यावर माणसाने रागवायचं की काय करायचं?

पुढे ते वाडीवर निघून गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पोलादपूरला. खेडला एका मालाच्या कामाला निघालो होतो. कशेडी घाटात दरड पडली होती, म्हणून गाड्या पोलादपूरच्या स्टँडवर थांबवून ठेवल्या होत्या. मी खिडकीशी बसलो होतो. मामा डोंगराकडच्या रस्त्याने आले. खूप वाळले होते, काठी टेकत होते, डोळे पांढुरके झाले होते. गळ्यात अडकवलेली कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. गाडीत चढले, बाकाबाकाला हात लावत माझ्यापर्यंत आले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"दादा, जरा धराल? पानी पिऊन येतो."

दादा. शेट नाही. मी तोंड उघडलं नाही. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं असतं, किंवा ओळख पटलेली असूनच पिशवी दिली असेल तर ते मला कळलं असतं. मला दोन्ही नको होतं. पिशवीच्या तोंडातून बानूचं म्हातारं तोंड दिसत होतं. मी दोन्ही हातांनी पिशवी धरून ताठ बसलो. एकदा बोटाने तिच्या मानेखालून हात फिरवला. बोटाला एकही सुटा केस लागला नाही.

मामा परत आले, पिशवी उचलली, "लई उपकार झालं, दादा," म्हणाले. आणि गाडीतून परत खाली उतरले. ह्या गाडीने त्यांना जायचंच नव्हतं की काय, असं मनात येईपर्यंत कंडक्टरने घंटी दिली. रस्ता मोकळा झाला होता.

गाडी वळली तेव्हा मी मागे बघितलं. धाकूमामा रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते, काठी बाजूला टाकून. पिशवीत कोपरापर्यंत हात घालून ते मांजरीचं पोट चाचपत होते, सावकाश, पुढून मागे. तोंड मात्र गाडीकडे होतं.